शुगरचे रिपोर्ट सगळे बघतात, पायाच्या नसा कोण बघतं?

डायबेटिस असलेल्या कुणाचीही फाइल उघडून बघा, उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतरची शुगर, दर तीन महिन्यांचं एचबीएवनसी (म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, सगळं तारखेप्रमाणे लावलेलं असतं, काहींनी तर वहीत तक्ते पण आखलेले असतात. पण पायाच्या नसा तपासल्याचा कागद त्यात क्वचितच सापडतो. मी पुण्यात डायबेटिसच्या पेशंटच्या पायांचंच काम करते, आणि मोजे काढा म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, "अहो मॅडम, पायाला काही त्रास नाहीये मला, तुम्ही शुगरचं बोला." हे ऐकून मला निवांत वाटत नाही. डायबेटिसमुळे नसा खराब झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना काहीच लक्षणं नसतात, ना मुंग्या, ना आग, ना दुखणं. चपलेतून खिळा वर आलेला असतो आणि संध्याकाळी फरशीवर रक्ताचे डाग दिसल्यावर घरातलं कुणीतरी विचारतं, हे कशाचं? म्हणजे त्रास व्हायची वाट बघत बसलो तर उशीर होतो, हा बिघाड आपणच शोधायला लागतो. तो शोधायची साधनं कुठली, कुठलं काय सांगतं आणि मुख्य म्हणजे काय सांगत नाही, ते आज जरा सविस्तर लिहिते.

आधी नसांबद्दल थोडं. आपल्या शरीरातल्या सगळ्यात लांब नसा कमरेपासून निघून पायाच्या बोटांपर्यंत जातात. खडकवासल्याच्या कालव्याला पाणी कमी पडलं की पहिली ओरड शेवटच्या टोकाच्या गावांची होते ना, तसंच हे, शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसेचं पोषण बिघडतं, नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याही खराब होतात, आणि पहिला फटका सगळ्यात लांबच्या टोकाला, म्हणजे पायाच्या बोटांना बसतो. मग हळूहळू तळपाय, घोटा, पोटरी असं वर वर येतं, साधारण दोन्ही पायांना सारखंच. बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपास पोचेपर्यंत हाताच्या बोटांची टोकंही बधिर व्हायला लागलेली असतात. नुसती शुगरच कारण असते असंही नाही, ट्रायग्लिसराइड, ब्लड प्रेशर, वजन, तंबाखू, सिगरेट हे सगळे त्यात हातभार लावतात.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नसा ढोबळमानाने दोन प्रकारच्या. बारीक नसा दुखणं, टोचणं, गरम-गार आणि घाम यांचं काम बघतात. जाड नसा कंपन, दाब, आणि पाय नेमका कुठे पडलाय याची जाणीव मेंदूला देतात, म्हणून त्या गेल्या की अंधारात तोल जातो, चालताना कापसावर पाय पडल्यासारखं वाटतं, स्लीपर पायातून निसटून मागे राहते आणि माणूस तसाच दोन पावलं पुढे जातो. दोन्ही प्रकारच्या नसा एकाच साधनाने तपासता येत नाहीत. त्यामुळे "माझी नसांची टेस्ट झालीये, नॉर्मल आहे" असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठली टेस्ट?

सगळ्यात साधं साधन म्हणजे मोनोफिलामेंट. प्लॅस्टिकच्या दांडीला लावलेला नायलॉनचा जाडसर धागा, बस. हा धागा असा बनवलेला असतो की त्वचेवर टेकवून दाबला की बरोबर १० ग्रॅमच्या जोरालाच वाकतो, तुम्ही कितीही जोर लावा, धागा वाकला की त्याहून जास्त दाब जातच नाही, म्हणून नर्सने तपासलं काय आणि प्रोफेसरने तपासलं काय, दाब तोच. त्याच्या दांडीवर बऱ्याचदा ५.०७ असा आकडा छापलेला असतो, तो याच दाबाच्या धाग्याचा नंबर.

या धाग्याचा इतिहास मला फार जवळचा वाटतो, म्हणून सांगतेच. सेम्स आणि वाइनस्टाइन या अमेरिकेतल्या संशोधकांनी हे धागे मुळात मेंदूला जखम झालेल्या लोकांची स्पर्शाची जाणीव मोजायला वापरले, त्यांचं ते काम १९६० साली छापून आलं. इकडे वेल्लोरला पॉल ब्रँड नावाचे सर्जन कुष्ठरोग्यांवर काम करत होते. जन्म तामिळनाडूतलाच, १९१४ चा. तेव्हा समज असा होता की कुष्ठरोगात मांस आपोआप सडतं आणि बोटं झडतात. ब्रँड यांनी बारकाईने बघितलं तर दिसलं की बोटं झडत नाहीयेत, ती इजा होऊन होऊन जातायत, कारण दुखतच नाही. गरम भांडं उचललं तरी हात मागे येत नाही, जखम झालेल्या पायावर माणूस तसाच चालत राहतो, आणि काही पेशंटची बोटं तर रात्री झोपेत उंदीर कुरतडत होते. पुढे ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिलच्या कुष्ठरोग हॉस्पिटलमध्ये गेले आणि डायबेटिसवाल्यांच्या पायातही हेच चाललंय हे त्यांनी ठासून सांगितलं. त्याच कार्व्हिलमध्ये बर्क आणि सिम्स यांनी १९८६ मध्ये दाखवलं की तळपायाला जखमा असलेल्या पेशंटना हा १० ग्रॅमचा धागा कळत नाही. तेव्हापासून "पायाचं रक्षण करण्याइतकी जाणीव शिल्लक आहे का" याची खूण म्हणून हा धागा जगभर वापरला जातो. आज डायबेटिसवाल्यांना आपण जी एमसीआरची (बारीक छिद्रांच्या रबराची) मऊ चप्पल देतो तीसुद्धा कुष्ठरोग्यांच्या पायांसाठी झालेल्या कामातूनच आली. ज्या लोकांना गावाबाहेर ठेवलं त्यांच्या पायांनी आज कोट्यवधी लोकांचे पाय वाचवायची वाट दाखवली, हे मला दर वेळी धागा हातात घेताना आठवतं.

टेस्ट कशी करतात ते माहीत असू द्या, म्हणजे तुमची नीट होतेय का ते कळेल. आधी धागा हातावर टेकवून दाखवायचा, बघा काका, असं लागेल, दुखणार नाही. मग डोळे मिटायचे. अंगठ्याखाली आणि बोटांच्या मुळाशी तळव्याला जी गादी असते तिथे, म्हणजे पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बोटाच्या खाली, धागा सरळ टेकवून वाकेपर्यंत दाबायचा, एक-दोन सेकंद ठेवायचा, उचलायचा, आणि विचारायचं कळलं का, कुठे कळलं. प्रत्येक जागी तीनदा, त्यातलं एकदा मुद्दाम काहीच न टेकवता नुसतं विचारायचं, कारण काही लोक घाबरून किंवा आपल्याला बरं वाटावं म्हणून प्रत्येक वेळी "हो हो" म्हणतात. तीनपैकी दोन उत्तरं बरोबर आली तर ती जागा ठीक. क्रमही ठरलेला नको, उलटसुलट पाहिजे. घट्टे, कुरूप किंवा जखम असेल त्यावर धागा टेकवायचा नाही, जाड कातडीवर कुणालाच नीट कळत नाही. आणि एकच धागा सकाळपासून शे-दीडशे लोकांना टेकवला तर तो थकतो, कमी दाबाला वाकायला लागतो, साधारण दहा पेशंटनंतर त्याला एक दिवस विश्रांती द्यावी असं अभ्यासातून सांगितलंय. मोठ्या शिबिरात एकच धागा रांगेतल्या सगळ्यांना फिरत असेल तर त्या रिझल्टवर फार विसंबू नका.

पण मोनोफिलामेंटची मर्यादाही तितकीच महत्त्वाची. १० ग्रॅम हा बऱ्यापैकी जोराचा दाब आहे. तो कळेनासा होतो तेव्हा नसा बऱ्याच गेलेल्या असतात. म्हणजे धागा कळला नाही तर धोका नक्की, पण धागा कळला म्हणजे नसा ठणठणीत असं नाही. तुमच्या पायाला जखम व्हायचा धोका किती, हे तो चांगलं सांगतो, सुरुवातीचा बिघाड पकडायला मात्र तो एकटा पुरत नाही.

म्हणून त्याच्या जोडीला ट्यूनिंग फोर्क. शाळेत प्रयोगशाळेत बघितलेला असेल, धातूचा दोन शिंगांचा. यासाठी १२८ हर्ट्झचाच घेतात. वाजवून त्याचा दांडा पायाच्या अंगठ्याच्या वरच्या बाजूला, नखाच्या मागे हाडावर टेकवायचा आणि पेशंटने डोळे मिटून सांगायचं की थरथर कळतेय का आणि कधी थांबली. पेशंट म्हणतो थांबली आणि तपासणाऱ्याच्या बोटांना ती अजून बराच वेळ जाणवतेय, तर जाड नसांत गडबड आहे. वयाने पण ही जाणीव थोडी कमी होते, त्यामुळे पंचाहत्तरीच्या आजींचा रिझल्ट चाळिशीच्या माणसाच्या मापाने बघायचा नसतो.

बारीक नसांसाठी दोन गोष्टी, टोचणं आणि गरम-गार. टोचण्यासाठी निर्जंतुक, एकदाच वापरायची पिन, ती हलकेच टेकवून विचारायचं, टोकदार वाटतं की बोथट? (घरी सुई घेऊन हा प्रयोग करू नका, कृपया.) गरम-गारसाठी थंड धातू टेकवूनही अंदाज येतो. या टेस्टला पाच मिनिटंही लागत नाहीत आणि तरी सगळ्यात जास्त याच राहून जातात. घोट्यामागे हातोडी मारून रिफ्लेक्स बघतात तोही पायाच्या तपासणीचाच भाग, पण तो जाड नसांबद्दल सांगतो.

आता बायोथेसिओमीटर. सोसायटीच्या हॉलमध्ये, ज्येष्ठ नागरिक संघात "नसांची मोफत तपासणी" असते ना, तिथे बऱ्याचदा हेच यंत्र असतं. ट्यूनिंग फोर्कचंच काम, फक्त आकड्यात. थरथरणारा एक दांडा तळपायाला लावतात, थरथर शून्यापासून वाढवत नेतात, आणि ज्या क्षणी तुम्हाला कळतं तो आकडा व्होल्टमध्ये लिहितात. साधारण १५ व्होल्टच्या आत कळलं तर ठीक, १६ ते २५ मध्ये लक्ष ठेवायला हवं, २५ च्या वर गेलं तर पायाला जखम व्हायचा धोका बराच वाढलेला. चांगलं साधन आहे, दर वर्षीचा आकडा शेजारी शेजारी ठेवून बघता येतो हा त्याचा मोठा फायदा. पण हे यंत्र जाड नसाच बघतं. रात्री पायाची आग होऊन झोप लागत नाही अशा माणसाचा बायोथेसिओमीटर अगदी हिरव्या रंगात येऊ शकतो आणि तो बिचारा समजतो की आपल्यालाच काहीतरी भास होतायत. रंगीत प्रिंटआउट मिळाला म्हणजे तपासणी पूर्ण झाली असं समजू नका, पिन आणि धागा झाला का ते विचारा. आणखी एक गोंधळ नेहमी होतो, पायाचा डॉप्लर किंवा हात-पायाचं प्रेशर मोजायची टेस्ट ही रक्तपुरवठ्याची असते, नसांची नाही. डायबेटिसवाल्याला दोन्ही लागतात, एक केली म्हणून दुसरी होत नाही.

पुढचा टप्पा एनसीव्हीचा, म्हणजे नर्व्ह कंडक्शन. न्यूरॉलॉजिस्टकडे होते, पायावर छोटे इलेक्ट्रोड लावून विजेचे हलके झटके देतात आणि नसेतून संदेश किती वेगाने आणि किती ताकदीने जातो ते मोजतात. थोडं टोचल्यासारखं वाटतं, घाबरायचं कारण नाही. ही टेस्ट प्रत्येक डायबेटिसवाल्याला लागत नाही, हे मी ठामपणे सांगेन. चित्र नेहमीसारखं असेल, दोन्ही पायांना, बोटांपासून वर येणारं, तर साध्या तपासणीवर निदान होतं. एनसीव्ही लागतो तो वेगळं काही दिसलं की, म्हणजे एकाच पायाला बधिरपणा, झपाट्याने वाढणारी कमजोरी, हातांपासून सुरुवात, किंवा बधिरपणापेक्षा ताकदच जास्त गेलीये. आणि हा पण जाड नसाच मोजतो! बारीक नसांच्या आजारात एनसीव्ही पूर्ण नॉर्मल येतो. "रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका" असं ऐकून आलेल्या, पण चादरीचा स्पर्शसुद्धा सहन न होणाऱ्या बायका मी बघितल्यात, आणि घरच्यांनीही त्यांच्यावर विश्वास ठेवायचं सोडलेलं असतं, ते बघून फार वाईट वाटतं. त्यांचं दुखणं खरं असतं, फक्त टेस्ट चुकीची झालेली असते.

बारीक नसांचा पक्का पुरावा हवाच असेल तर त्वचेची बायोप्सी असते, घोट्याच्या साधारण १० सेंटिमीटर वर बाहेरच्या बाजूने ३ मिलिमीटरचा त्वचेचा तुकडा घेऊन त्यात नसांची टोकं किती शिल्लक आहेत ते मायक्रोस्कोपखाली मोजतात. तळपायाच्या घामावरून अंदाज घेणारी यंत्रंही आहेत, त्यावर फक्त पाय ठेवून उभं राहायचं असतं. आणि मला सगळ्यात आश्चर्याची वाटते ती डोळ्याची टेस्ट, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात शरीरातल्या सगळ्यात दाट नसा असतात, खास मायक्रोस्कोपने त्यांचा फोटो काढला की डायबेटिसने नसा विरळ झाल्यात का ते सुई न टोचता दिसतं. रयाझ मलिक या संशोधकांनी यावर खूप काम केलंय. अजून तरी हे जास्त करून संशोधनातच वापरतात, त्यामुळे याच्या मागे लागून साधी तपासणी टाळू नका.

नसा फक्त पायातच नसतात हे पण थोडक्यात. हृदय, पोट, लघवी यांच्या नसाही डायबेटिसने बिघडतात. झोपून प्रेशर घ्यायचं, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत परत घ्यायचं, वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर शंका घ्यायची. ईसीजी लावून मिनिटाला सहा या गतीने खोल श्वास घ्यायला लावतात, निरोगी माणसात श्वासाबरोबर नाडी कमी-जास्त होते, नस बिघडली की ती एकसारखीच राहते. असं असेल तर हार्ट अटॅकसुद्धा छातीत न दुखता येऊ शकतो, म्हणून उभं राहिल्यावर चक्कर येते हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि बधिरपणा आला म्हणजे डायबेटिसमुळेच, असं लगेच धरून चालू नका. आपल्याकडे सगळ्यात मोठा संशयित बी ट्वेल्व्ह. पुण्यात रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने २००६ मध्ये छापलेल्या अभ्यासात पुणे आणि आसपासच्या ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्के लोकांचं बी ट्वेल्व्ह कमी निघालं होतं. त्यात डायबेटिसची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेतली की ते आणखी उतरू शकतं, घरी शाकाहार असेल तर जास्तच बघायला हवं. हे कारण भरून काढता येतं, म्हणून आधी तपासा. (आणि टेस्ट करायच्या आधीच दुकानातून इंजेक्शनं आणून घेऊ नका, मग रिपोर्ट वर दिसतो आणि खरं काय ते कळत नाही.) थायरॉइड, किडनी, दारू, काही कॅन्सरची औषधं, हीसुद्धा कारणं असतात. अंगावर फिकट चट्टा आणि तिथे बधिर असेल तर कुष्ठरोगाची तपासणी लाजू नका, करून घ्या, तो औषधाने पूर्ण बरा होतो.

घरी करता येईल अशी एक टेस्ट मात्र आहे आणि ती प्रत्येक घरात व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. इंग्लंडमधल्या इप्सविच गावातल्या डॉक्टर जेरी रेमन यांच्या टीमने ती २०११ मध्ये मांडली. पेशंटने डोळे मिटून झोपायचं, घरातल्या कुणीही, सून, मुलगा, नातू, आपल्या बोटाचं टोक हलकेच पायाच्या बोटाच्या टोकावर एक-दोन सेकंद टेकवायचं. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या नाहीत. दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटं आणि करंगळ्या, एकूण सहा जागा. कळलं की "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर डॉक्टरांकडे जाऊन नीट तपासणी करा. एकही यंत्र लागत नाही, आणि रिझल्ट मोनोफिलामेंटशी चांगला जुळतो. फक्त वार्षिक तपासणीच्या ऐवजी ती धरू नका.

किती वेळा तपासायचं? टाइप टू असेल तर डायबेटिस कळला त्याच वेळी पहिली तपासणी, कारण तो कळायच्या आधी कित्येक वर्षं आत असू शकतो. टाइप वन असेल तर पाच वर्षांनी सुरुवात. नंतर दोघांनाही दर वर्षी. धाग्याची जाणीव गेली असेल पण बाकी सगळं ठीक, तर सहा महिने ते वर्षाने, त्यासोबत रक्तपुरवठा कमी किंवा पायाचा आकार बिघडलेला असेल तर तीन ते सहा महिन्यांनी, आणि आधी कधी जखम चिघळलेली किंवा बोट कापावं लागलेलं असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी.

लोक विचारतात, गेलेली नस परत येते का? पूर्ण परत आणणारं औषध आजतरी नाही. टाइप वनमध्ये शुगर घट्ट ठेवली तर हा त्रास ६० टक्क्यांनी कमी होतो हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात १९९३ मध्ये दिसलं, टाइप टूमध्ये फायदा त्याहून कमी पण आहे. प्रेगाबालिन, ड्युलॉक्सेटिनसारख्या गोळ्या आग आणि दुखणं कमी करतात, जाणीव परत आणत नाहीत, त्यामुळे गोळीने बरं वाटलं तरी पाय तितकाच जपायला लागतो. तपासणीचा उपयोग इथेच होतो. धागा कळत नाही हे एकदा माहीत झालं की उन्हाळ्यात दुपारी अनवाणी पर्वती चढायची नाही, तापलेल्या फरशीने फोड येतात आणि घरी येईपर्यंत पत्ता लागत नाही. थंडीत पायाला गरम पाण्याची पिशवी नाही. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवायचा, रोज रात्री तळपाय आरशात किंवा घरच्यांकडून बघून घ्यायचा, कुरूप ब्लेडने कापायचं नाही. दर वर्षी ज्येष्ठ-आषाढात कुणीतरी विचारतंच, मॅडम, वारीला जाऊ का? आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल आहे. मी जाऊ नका म्हणत नाही, माऊलीच्या वाटेवर निघालेल्याला अडवणारी मी कोण, पण निघायच्या महिनाभर आधी पाय तपासून घ्या, धागा कळत नसेल तर डॉक्टरांशी स्पष्ट बोला, नवी चप्पल वाटेत घालू नका, आणि प्रत्येक मुक्कामाला दिंडीतल्या कुणालातरी टॉर्च लावून तळपाय बघायला सांगा.

एका गोष्टीत मात्र तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही. जाणीव गेलेला एक पाय अचानक सुजला, लाल झाला, दुसऱ्या पायापेक्षा हाताला चांगलाच गरम लागतोय आणि तरी फारसा दुखत नाहीये, तर मुरगळला असेल म्हणून चोळत बसू नका. आतली हाडं मोडत असू शकतात, त्याला शार्को फूट म्हणतात, आणि सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ते दिसेलच असं नाही. त्या पायावर वजन टाकायचं लगेच थांबवा, आणि त्याच दिवशी, रिक्षाने, पाय बघणाऱ्या डॉक्टरांकडे जा.